ओसरीत एबीआय मोजताना: रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात नव्याने आलेल्यांसाठी

पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात का हे पाहायला सीटी अँजिओग्राफीचं मशीन गावात नेता येत नाही, आणि पहिल्या पायरीला त्याची गरजही नाही. बीपीचा पट्टा, हातात मावणारा डॉप्लर (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र), जेली आणि अर्धा तास शांतता, एवढ्यावर काम होतं. घोट्याजवळचा सिस्टॉलिक, म्हणजे बीपीतला वरचा, दाब भागिले दंडातला सिस्टॉलिक दाब, हा झाला अँकल-ब्रेकियल इंडेक्स. आपण सगळे त्याला एबीआय म्हणतो. निरोगी माणसात तो १ ते १.४० च्या दरम्यान येतो. ०.९० किंवा त्याहून कमी आला तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात, आणि ०.९१ ते ०.९९ वाले काठावरचे. घोटा आणि दंड ताडून पाहण्याची कल्पना विन्सर यांनी १९५० मध्ये मांडली, आणि १९६९ मध्ये याओ व सहकाऱ्यांच्या कामातून ती पक्की झाली. त्याच वर्षी आपल्या सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज सुरू झालं.

मी परिचारिका आहे. वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये अशा अभ्यासांसाठी घरोघरी मोजणी करते आणि नव्या मुलामुलींना ती शिकवते. पद्धत पुस्तकात दिलेली असते. तीच पद्धत मातीच्या ओसरीत, घरात आठ माणसं आणि दारात शेजारी उभे असताना कशी पाळायची, ते इथे लिहिते आहे.

हे काम चोख व्हावं असं मला मनापासून वाटतं. पाय वाचवायला आधी बायपास करावी की फुग्याने धमनी उघडावी, यावरचे अलीकडचे दोन मोठे अभ्यास म्हणजे २०२२ चा बेस्ट-सीएलआय आणि २०२३ चा बेसिल-२. पहिल्यात ज्यांच्या पायाची शीर बायपाससाठी चांगली होती त्यांना बायपासचा जास्त फायदा दिसला, दुसऱ्यात गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा वापरलेल्यांचं बरं झालं. दोन्हींतले रुग्ण अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड आणि युरोपातले. बिडी ओढणारा पस्तिशीतला सालदार त्या आकड्यांत नाही, पऱ्हाटीचा खुंट पायात गेलेली शुगरची पेशंट बाई त्यात नाही. आपल्याकडचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्या गावांत किती पाय आजारी आहेत हे खरं कळलं पाहिजे, आणि ते तुमच्या हातातल्या पट्ट्यावरून कळणार आहे. घरोघरी केलेलं संशोधन कच्चं असतं असं कोणी म्हणालं, तर गडचिरोलीचं उदाहरण द्या. बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आधी वेळेचं पाहा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मग जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, या दिवसांत दुपारी गावात फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतात. दुपारीच फिरलात तर तुमच्या अभ्यासात कामकरी माणूस येणारच नाही. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला जा. पण वावरातून आलेल्या माणसाला लगेच झोपवून मोजू नका. त्याला पाय धुऊ द्या, चहा न घेता बसू द्या. हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यातून नुकते बाहेर आलेले गार पाय असतील तर टॉवेलने कोरडे करून, चादर टाकून ऊब येऊ द्या, कारण गारठ्याने बारीक धमन्या आकसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो, तेव्हा मोजणी फक्त सकाळची. बंद घराला 'नकार' लिहू नका, 'बंद' लिहा आणि पुन्हा जा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची नोंद वेगळी ठेवा.

संमती

माहितीपत्रक मराठीत असतंच, पण ते वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे. मी पत्रक बाजूला ठेवून आधी बोलते. आम्ही कोण, कशासाठी आलो, पट्टा बांधल्यावर घोट्याला थोडा वेळ कळ लागेल, रक्त काढणार की नाही, आकडा कोणाला कळेल, आणि नाही म्हटलं तर दवाखान्यात तुमचं काही अडणार नाही. मग त्यांनाच विचारते, "सांगा आता, मी काय करणार आहे?" त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरच पुढे सरकायचं. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण साक्षीदार आपल्या टीममधला नको, आणि पत्रकाची एक प्रत त्यांच्याकडे राहिली पाहिजे. सरपंचाने "करा बिनधास्त" म्हटलं ही गावात शिरायची परवानगी झाली, घरातल्या बाईची संमती ती बाईच देणार. नवऱ्याने होकार भरला आणि ती पदराशी चाळा करत गप्प उभी असेल, तर मी म्हणते, "माय, तुला नको असंल तर मी चहा पिऊन जातो." बरेचदा तेव्हाच खरं उत्तर मिळतं. आशाताई सोबत असतील तर त्यांनाही सांगून ठेवा की आग्रह करायचा नाही. यवतमाळकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू बोलणारी घरं असतात, तिथे त्या भाषेचा माणूस नसेल तर त्या दिवशी संमती घेऊ नका.

अभ्यास सीटीआरआयमध्ये, म्हणजे २००७ पासून चालू असलेल्या देशाच्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत नोंदलेला असेल, तर तो क्रमांक आणि एथिक्स कमिटीचा फोन पत्रकावर असतो. तो फोन बोट ठेवून दाखवा. माणसांना तक्रार कुठे करायची हे माहीत असलं की विश्वास वाढतो.

दुखणं विचारताना

चालताना होणाऱ्या दुखण्यासाठी १९९२ ची एडिनबरा प्रश्नावली बहुतेक अभ्यासांत वापरतात. तिचा क्रम मोडू नका. चालताना पाय दुखतो का? बसल्या किंवा उभ्या जागी कधी सुरू होतं का? चढावर किंवा घाईत? सपाट रस्त्याने नेहमीच्या चालीने? थांबलं की काय होतं? कुठे दुखतं, हात लावून दाखवा. धमनीचं दुखणं पोटरीत येतं, चालल्यावर येतं, आणि थांबलं की दहा मिनिटांच्या आत जातं. आपली माणसं ते असं सांगतात: "थोडंसं चाललो का पिंढरी भरून येते, मंग थांबा लागते." बसल्या जागी सुरू होणारं किंवा कमरेतून खाली उतरणारं दुखणं वेगळं, गुडघ्याचं वेगळं. हे ऐकून घेताना तुम्ही मान डोलावू नका, समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलतो.

अंतर मीटरमध्ये विचारून उपयोग नाही. मारुतीच्या पारापर्यंत न थांबता जाता का, पानठेल्यापर्यंत, वावराच्या धुऱ्यापर्यंत, असं विचारा आणि त्या खुणेचं अंतर नंतर तुम्ही मोजा. म्हातारी माणसं "काही दुखत नाही" म्हणतात, कारण त्यांनी चालणंच सोडलेलं असतं. म्हणून पुढचा प्रश्न मी नेहमी विचारते: पाच वर्षांपूर्वी कुठपर्यंत जात होते आणि आता कुठपर्यंत? शुगरने किंवा जुन्या कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला दुखण्याविषयी विचारून काही कळत नाही. त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. रक्तपुरवठा कमी असून दुखत नाही, असा पाय फार धोक्याचा.

तंबाखूचा प्रश्न एकच विचारू नका. बिडी वेगळी, सिगारेट वेगळी, खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) वेगळा, बायांना गुडाखू (दातांना लावायची तंबाखू) वेगळं विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की खर्रा खाणारा "नाही" म्हणतो, कारण तो सुपारी समजून खातो. दिवसाला किती खर्रे आणि त्यात वाटेकरी किती, हेही विचारा, कारण एक पुडी तिघांत फिरते. चाळिशीच्या आतला बिडी ओढणारा माणूस, बोटांना जखम, हाताची बोटंही गार पडतात, असं दिसलं तर बर्जर आजाराची शंका नोंदवा. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा आजार तंबाखूशी घट्ट बांधलेला आहे, आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय तो थांबत नाही. मोजणीच्या आधी दोन तास बिडी नको असा नियम आहे. निकोटिन खर्ऱ्यातही असतं, म्हणून मी तो नियम खर्ऱ्यालाही लावते.

मोजणी

इथे वेळ द्या. बाजेवर मोजू नका. बाज मध्ये झोल खाते, कंबर खाली जाते आणि पाय वर राहतात. घोटा छातीपेक्षा १० सेंटीमीटर वर गेला की तिथला दाब साधारण ८ मिलिमीटरने कमी दिसतो, आणि चांगला पाय काठावर येऊन बसतो. खाली सतरंजी टाका, डोक्याखाली पातळ उशी चालेल, पायाखाली काही नको. माणूस पाठीवर सरळ, हात बाजूला, आणि ५ ते १० मिनिटं काही न बोलता. ही मिनिटं घड्याळ लावून मोजा. घरातले गप्पा मारतात, पोरं येऊन बसतात, मोबाइल वाजतो. मी आधीच सांगते की आता दहा मिनिटं देवळात बसल्यासारखं बसायचं, आणि सगळे ऐकतात.

पट्ट्याच्या आतली पिशवी त्या अवयवाच्या घेराच्या किमान ४० टक्के रुंद हवी. दंडाचा घेर ३० सेंटीमीटर असेल तर १२ सेंटीमीटर. अरुंद पट्टा दाब वाढवून दाखवतो. आपल्याकडच्या मजूर बायांचे दंड बारीक असतात, त्यांच्यासाठी लहान पट्टा पिशवीत हवाच. घोट्यावर पट्टा सरळ गुंडाळा, खालची कड आतल्या घोट्याच्या हाडापासून २ सेंटीमीटर वर. पैंजण, जोडवी, काळा दोरा हे आधी विचारून बाजूला करा. कोणी दोरा काढू देत नसेल तर वर सरकवा, ओढाताण नको. उघडी जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावून मगच, आणि पट्टा थेट जखमेवर येत असेल तर तो पाय सोडा आणि कारण लिहा. पाय अचानक एका बाजूने सुजलेला, गरम, पोटरी दाबली की कळ येते, तिथे शिरेत गुठळी असू शकते, पट्टा आवळू नका. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला (फिस्टुलाचा) हात किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेला हात वापरायचा नाही.

डॉप्लरची कांडी ८ ते १० मेगाहर्ट्झची असते. जेली अल्ट्रासाऊंडची वापरा, ईसीजीची नाही, तिच्यातल्या मिठाने कांडी खराब होते. कांडी त्वचेला ४५ ते ६० अंशांत तिरपी, रोख वरच्या दिशेला, आणि हात हलका. पायाच्या पाठीवरची धमनी एवढी उथळ असते की जोरात दाबलं तर तुमच्याच हाताने ती बंद होते, आणि तुम्ही लिहिता 'आवाज नाही'. ती शोधायला अंगठा वर उचलायला सांगा. जी कंडरा ताणून दिसते तिच्या बाहेरच्या अंगाला कांडी ठेवा. दुसरी धमनी आतल्या घोट्याच्या हाडामागे सापडते. काही निरोगी माणसांत पायाच्या पाठीवरची नाडी मुळातच लागत नाही, म्हणून एका जागी आवाज नाही म्हणून घाबरू नका, पण शोध सोडूही नका. आवाजाकडे कान द्या. चांगल्या धमनीचा ठोका तुटक आणि दोन-तीन पदरी असतो, वर अडथळा असेल तर एकच लांबट, मऊ फुसकारा येतो. तोही लिहून ठेवा.

क्रम ठरलेला आहे. उजवा दंड, उजव्या घोट्यामागची, उजव्या पायाच्या पाठीवरची, मग डाव्या घोट्यामागची, डाव्या पाठीवरची, शेवटी डावा दंड. दंडालाही स्टेथोस्कोप नाही, डॉप्लरच. आवाज बंद झाला की आणखी २० मिलिमीटर फुगवा, मग सेकंदाला २ मिलिमीटरच्या संथ गतीने सोडा, आणि पहिला आवाज परत येईल तो आकडा. फार्मसीत मिळणारी ऑटोमॅटिक मशीनं घोट्यावर लावू नका, दाब कमी असलेल्या पायात त्यांच्यावर भरवसा नाही. शेवटी डाव्या दंडावर पोचल्यावर उजवा दंड त्याहून १० पेक्षा जास्त निघाला, तर उजवा पुन्हा मोजा आणि पहिला आकडा सोडून द्या. पहिल्या मोजणीला माणूस घाबरलेला असतो.

आकडे २ च्या पटीत लिहा, काट्यावर तसेच आखलेले असतात. वहीत १२०, १३०, १४० असेच आकडे दिसायला लागले तर समजा की मोजणारा अंदाजाने लिहितो आहे. संध्याकाळी मी सगळ्यांच्या नोंदींचा शेवटचा अंक तपासते. शून्य फार दिसले तर दुसऱ्या दिवशी त्या मुलासोबत स्वतः जाते. काट्याची सुई हवा नसताना शून्यावर थांबते की नाही हे रोज सकाळी पाहा. आणि सहाही आकडे लिहून होईपर्यंत भागाकार करू नका. मधेच ०.८८ दिसला की पुढचा कान नकळत ०.८८ कडे झुकतो.

भागाकार

समजा, दंड १३६ आणि १३२. उजव्या घोट्यामागे ११८, पायाच्या पाठीवर १३०. भाजक दोन्ही दंडांतला मोठा, म्हणजे १३६. घोट्याचा मोठा आकडा घेतला तर १३० भागिले १३६, म्हणजे ०.९६. लहान घेतला तर ११८ भागिले १३६, म्हणजे ०.८७. तोच माणूस, तोच पाय, पण पहिल्या हिशेबात काठावरचा, दुसऱ्यात रुग्ण. २०१२ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनेप्रमाणे निदानासाठी मोठा आकडा घेतात. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलं असेल ते सगळ्यांनी सारखं करा, आणि कच्चे सहाही आकडे जपून ठेवा. ते असले तर हिशेब पुन्हा करता येतो, नुसता एबीआय लिहिला तर नाही. वर्षभराने तोच पाय पुन्हा मोजाल तेव्हा ०.१५ पेक्षा कमी फरकावरून 'आजार वाढला' असं बोलू नका.

१.४० च्या वर आकडा आला म्हणजे पाय उत्तम, असं समजणारे बरेच आहेत. शुगर जुनी असेल किंवा किडनी बिघडली असेल तर धमनीच्या भिंतीत चुना साचतो आणि पट्टा तिला दाबू शकत नाही, म्हणून आकडा फुगतो. अशा माणसाला 'नॉर्मल' गटात टाकलं तर अख्खा अभ्यास खोटा पडतो. त्याच्या पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायला पाठवा, बोटांच्या धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठा भागिले दंड ०.७० च्या खाली आला तर आजार आहे.

पूर्व विदर्भात आणखी तीन गोष्टी आडव्या येतात. सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ चिघळणाऱ्या जखमा होतात, त्यांना धमनीच्या जखमा म्हणून मोजू नका, सिकलसेलचं कार्ड विचारा. हत्तीपायाच्या सुजेत कांडीला धमनी सापडत नाही, तिथे 'मोजता आलं नाही' हेच खरं उत्तर. आणि पाय कापलेला माणूस. त्याचा एबीआय निघत नाही म्हणून त्याचं नाव यादीतून गळतं, खरं तर सगळ्यात मोठा आजार त्यालाच झालेला असू शकतो. कधी कापला, का कापला, आधी जखम होती की अपघात, हे विचारून वेगळ्या रकान्यात घ्या, आणि उरलेला पाय न चुकता मोजा.

काय दिसलं तर फॉर्म बाजूला ठेवायचा

पाय अचानक गार, पांढरट, बधिर, हलवता येत नाही आणि नाडी नाही, असं असेल तर अभ्यास तिथेच थांबवा. धमनी एकाएकी बंद झाली की सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतात. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांशी स्वतः बोला, जवळच्या दवाखान्यात थांबत थांबत न जाता रक्तवाहिनीचं ऑपरेशन होतं तिथेच नेता येईल का ते विचारा. पाय शेकायचा नाही, चोळायचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त रात्री पाय लटकवून बसावं लागतं, बोट काळं पडलं आहे, किंवा घोट्याचा दाब ५० च्या खाली आहे, तर त्याच आठवड्यात पाठवा. जखमेवर कोणी घट्ट पट्टी बांधून दिली असेल आणि एबीआय कमी असेल, तर ती सोडवायला सांगा.

बाकी सगळ्यांना त्यांचा आकडा त्याच दिवशी कागदावर द्या. उजवा किती, डावा किती, आणि शेजारी साध्या मराठीत त्याचा अर्थ. औषध आपण सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगतील. तंबाखू बंद, अनवाणी वावरात जायचं नाही, आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालायचं, एवढं मात्र कागदावर असू द्या, पण जखम असलेल्यांना चालायचं सांगू नका. खाली कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत जायचं ते लिहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगा, आणि त्या गावाहून सकाळची एसटी किती वाजता आहे तेही त्याच कागदावर लिहा.